आधी ब्लँक लाव

स्लो गाडीनं मुंब्रा सोडलं की कळव्यापर्यंत खाडी सोबतीला असते. तिच्या काठावर जी हिरवी दाटी दिसते, तीत मोठा भरणा तिवराचा. चिखलात पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी वर आलेली श्वासमुळं आणि जाडसर, मागून पांढुरकी पानं. कोरड्या दुपारी या पानांवर मिठाचे कण चमकतात. मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात. तरी जे आत शिरतं त्यातलं काही झाड पानांवाटे बाहेर टाकतं.

पण एवढ्यानं भागत नाही. बाहेरचं खारं पाणी पेशीतलं पाणी ओढून घेऊ पाहतं. त्याला तोंड द्यायला तिवर आपल्या पेशींत काही छोटे रेणू साठवतो. ते पाणी धरून ठेवतात आणि पेशीच्या इतर कामांत लुडबुड करत नाहीत. त्यांतला एक म्हणजे ग्लायसिन बीटेन. पानात तो किती आहे, खारेपणा वाढला की वाढतो का, आणि त्याच्याबरोबर आणखी काय काय बदलतं? मेटाबोलोमिक्स शिकायला येणाऱ्या मुलांपुढे मी हाच प्रश्न ठेवते. डोंबिवली-कल्याणची मुलं हे झाड रोज खिडकीतून बघतात. नाव विचारलं तर बहुतेक जण ‘खारफुटी’ एवढंच सांगतात. झाड दिसणं आणि त्याचं नाव कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढचे पाच दिवस त्यांना हाच फरक शिकायचा असतो.

खारफुटी संरक्षित आहे, पान तोडायचं तर परवानगी लागते. म्हणून सरावाला आम्ही पालक घेतो. पालकही बीटेन साठवतो; बीटेन हे नावच मुळी बीटवरून आलं, आणि बीट-पालक एकाच कुळातले. सहा कुंड्यांना साधं पाणी, सहांना दोन आठवडे मिठाचं पाणी. बारा कुंड्या, बारा नमुने. आता हे पान यंत्रापर्यंत नेऊ.

ओट्यावर काय आहे

रेशनकार्ड पाहिलं तर घरात कोण कोण आहे ते कळतं. आत्ता घरात काय चाललंय ते मात्र ओट्यावर नजर टाकल्याशिवाय कळत नाही: भिजत घातलेली डाळ, अर्धवट चिरलेली भाजी, उतू गेलेलं दूध. जनुकं म्हणजे रेशनकार्ड. ओट्यावरच्या वस्तू म्हणजे मेटाबोलाइट, म्हणजे चयापचयात क्षणोक्षणी घडणारे आणि मोडणारे छोटे रेणू: साखरा, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं, मेदाम्लं. यांचं वजन साधारण १,५०० डाल्टनच्या आत असतं. ग्लुकोज १८०चा, बीटेन ११७चा. पानात किंवा रक्तात असे जितके रेणू सापडतील तितके एकाच वेळी मोजायचा प्रयत्न म्हणजे मेटाबोलोमिक्स. ‘मेटाबोलोम’ हा शब्द १९९८ सालचा, म्हणजे शास्त्र तसं तरुण. माणसाच्या शरीराशी संबंध असलेल्या अशा रेणूंची नोंदवही, ह्युमन मेटाबोलोम डेटाबेस, २००७ साली खुली झाली; तिच्यात आज दोन लाखांहून जास्त नोंदी आहेत.

डोंबिवली-अंबरनाथ पट्ट्यातल्या औषध कंपन्यांत क्यूसी, म्हणजे गुणवत्ता-तपासणी, केलेली मुलं प्रशिक्षणाला येतात तेव्हा त्यांचा हात चांगला बसलेला असतो. कॉलम कसा लावायचा, मोबाइल फेज कसा गाळायचा हे त्यांना सांगावं लागत नाही. पण त्यांची सवय एका रेणूची असते. गोळीत औषध अमुक इतकं आहे की नाही, एवढाच तिथला प्रश्न. नाव आधीच ठाऊक. इथे उलटं असतं. पीक, म्हणजे आलेखातलं टोक, आधी दिसतं, नाव नंतर शोधायचं, आणि ते मिळेलच असं नाही. एमआयडीसीच्या रस्त्यानं जाताना नाकाला वास लगेच कळतो, पण तो कशाचा हे सांगता येत नाही, तसंच.

पवईचं तळं आणि थांबलेली घटका

या भागातल्या विद्यार्थ्याला जवळचं मोठं ठिकाण म्हणजे पवईची आयआयटी. ठाण्याला गाडी बदलायची, मुलुंड, नाहूर, भांडुप, मग कांजूरमार्गला उतरून रिक्षा. तिथल्या जैवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभागात मास स्पेक्ट्रोमेट्रीची, म्हणजे रेणूंचं वजन मोजण्याची, सामायिक सुविधा आहे. संजीव श्रीवास्तव यांचा प्रथिनांवर काम करणारा गटही तिथलाच. रासायनिक अभियांत्रिकी विभागात प्रमोद वांगीकर यांच्या गटानं नीलहरित जीवाणूंच्या मेटाबोलाइटवर काम केलं आहे. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. त्यांनी अभ्यासलेला सिनेकोकॉकस इलाँगेटस पीसीसी ११८०१ हा जीवाणू थेट पवई तलावातून मिळालेला. २०१८ साली त्याची ओळख प्रसिद्ध झाली. योग्य परिस्थितीत तो सुमारे सव्वादोन तासांत दुप्पट होतो, आणि प्रकाशावर जगणाऱ्या जीवाणूंत हा वेग चांगलाच आहे.

पण या जीवाणूच्या पोटात काय आहे ते मोजायचं कसं? तो उजेडात असताना कार्बन डायऑक्साइडपासून साखरेकडे जाणारे रेणू काही सेकंदांत बदलतात. गाळून, धुऊन, निवांतपणे नळीत भरेपर्यंत ते अंधारात गेलेले असतात आणि आपण मोजतो ती भलतीच अवस्था. म्हणून मेटाबोलोमिक्सचा पहिला धडा यंत्राचा नसतो. चयापचय आहे तिथेच गोठवायचा असतो.

पालकाचं पान आम्ही कात्रीनं कापतो आणि कापल्या क्षणी द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकतो. त्याचं तापमान उणे १९६ अंश. ‘चर्र’ आवाज होतो, पांढरा धूर येतो, पान काचेसारखं कडक होतं. पहिल्या दिवशी प्रत्येक जण पान आधी निरखतो, वजन करू की नको विचारतो, मग टाकतो. मी घड्याळ दाखवते: पंधरा सेकंद गेले. त्या पंधरा सेकंदांत जखमी पानानं आपलं काम सुरू केलेलं असतं. चिमट्याची, नळीची, नाव लिहिलेल्या लेबलची तयारी आधी झालेली हवी. कात्री सगळ्यांत शेवटी उचलायची. सगळी पानं दिवसाच्या एकाच वेळी घ्यायची, कारण सकाळचं पान आणि दुपारचं पान यांच्यातला फरक मीठपाण्याच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. आणि हातमोजे, चष्मा, खोलीची उघडी खिडकी यांत तडजोड नाही: बंद खोलीत हा नायट्रोजन हवेतला प्राणवायू हटवतो, नाकाला काही कळतही नाही.

मग गार केलेल्या खलात गोठलेलं पान कुटायचं. खल गार नसेल तर भुकटीचा गोळा होतो आणि सगळं पुन्हा जागं होतं. भुकटीतली १०० मिलिग्रॅम, तीही वितळू न देता, तोलायची.

दहा मायक्रोलीटरचा थेंब

आता द्रावक. पाण्यात विरघळणारे रेणू काढायला उणे २० अंशांचं ८० टक्के मिथेनॉल नेहमीचं. ते एका दमात दोन कामं करतं: छोटे रेणू ओढून घेतं आणि प्रथिनं साकळवून एन्झाइमांचं काम बंद पाडतं.

हे मिथेनॉल पिपेटनं मोजायचं, आणि इथे भलेभले अडकतात. पाणी टिपमध्ये शहाण्यासारखं राहतं; मिथेनॉल टिपमध्येच वाफ होऊ लागतं, वाफ दाब वाढवते आणि नळीपर्यंत पोहोचण्याआधी थेंब गळतो. उपाय साधा आहे: टिप आधी त्याच द्रावकानं दोन-तीनदा भरून रिकामी करायची, मग मोजायचं. पण सांगून हे पटत नाही. म्हणून प्रत्येकाला तराजूवर बसवते. १०० मायक्रोलीटर पाण्याचं वजन साधारण १०० मिलिग्रॅम भरायला हवं, तेवढ्याच मिथेनॉलचं ७९. दहा वेळा टाका, दहा आकडे लिहा. पहिले आकडे ७०, ८३, ७४ असे नाचतात. अर्ध्या तासानं ते ७८-७९ वर स्थिरावतात. लहानपणी पाटीवर अक्षर गिरवून हाताला वळण लावतात, तसं हे वळण आहे.

या द्रावकात आधीच एक ओळखीचा रेणू ठरावीक मात्रेत मिसळलेला असतो: असा बीटेन ज्याचे नऊ हायड्रोजन बदलून जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, बसवलेत. वागणुकीनं तो बीटेनच, फक्त वजनानं ९ ने जास्त. त्याचं काम पुढे कळेल.

हलवायचं, बर्फात ठेवायचं, ४ अंशांवर दहा मिनिटं जोरात फिरवायचं, वरचा निवळ द्रव काढून घ्यायचा. मग प्रत्येक नमुन्यातले १० मायक्रोलीटर एका वेगळ्या नळीत जमा करायचे. बाराही नमुन्यांचं हे मिश्रण म्हणजे ‘पूल्ड क्यूसी’. तेच ते मिश्रण रात्रभर अधूनमधून यंत्रात सोडलं की यंत्र किती भरकटतंय ते समजतं.

शिवाय एक तेरावी नळी. तिच्यात पान नाही. बाकी सगळं तेच: तोच खल, तीच नळी, तेच मिथेनॉल, तेच फिरवणं. हा प्रोसेस ब्लँक. नमुना जिथून जिथून गेला तिथून यानंही सगळी वारी करायची. मुलांना हे फुकटचं काम वाटतं. मलाही वाटलं होतं. ते पुढे सांगते.

आता क्रम लावायचा. आधी साध्या द्रावकाचे दोन ब्लँक, मग प्रोसेस ब्लँक, मग यंत्राला आणि कॉलमला सवय व्हावी म्हणून पाच क्यूसी, मग बारा नमुने आणि दर चार नमुन्यांनंतर एक क्यूसी, शेवटी पुन्हा ब्लँक. एकूण चोवीस. प्रत्येकी पंधरा मिनिटं धरली तर सहा तास. बारा नमुन्यांचा आपसातला क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. आधी साध्या पाण्याचे सहा आणि मग मिठाचे सहा असं लावलं, आणि यंत्राची संवेदनशीलता रात्रीतून उतरत गेली, तर ती उतरण मिठाचा परिणाम म्हणून आपण खुशाल छापून टाकू.

फडके रोडवरून चालत

यंत्रात शिरण्याआधी रेणूंची पांगापांग करावी लागते. ती कॉलममध्ये होते. हा साधारण १० सेंटिमीटर लांबीचा, आतून २.१ मिलिमीटर रुंदीचा पोलादी नळीचा तुकडा, आत दोन मायक्रॉनच्या आतबाहेरचे सिलिकाचे कण ठासून भरलेले. दिवाळीच्या पहाटे डोंबिवली स्टेशनवरून दहा जण एकदमच फडके रोडला लागतात असं समजा. कुणाला ओळखीचं कुणी भेटत नाही, तो सरळ गणपतीच्या देवळाशी पोहोचतो. कुणाला पावलोपावली मित्र भेटतो, तो अर्ध्या तासानं उगवतो. निघाले एकत्र, पोहोचले वेगवेगळ्या वेळी. कॉलममधल्या कणांशी ज्याची जवळीक जास्त तो रेणू उशिरा बाहेर येतो. ही वेळ, रिटेन्शन टाइम, त्या रेणूची पहिली खूण.

औषध कंपनीत ज्याची सवय असते तो सी-१८ कॉलम तेलकट स्वभावाच्या रेणूंना धरतो. बीटेन पाण्याचा मित्र; सी-१८ त्याला जवळजवळ धरतच नाही. तो पहिल्याच मिनिटात मिठाबरोबर बाहेर पडतो. म्हणून इथे हिलिक जातीचा कॉलम लावतात. त्याच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो आणि पाणी आवडणारे रेणू त्यात रमतात.

कॉलमच्या टोकाशी केसासारखी बारीक सुई. तिला तीन-चार हजार व्होल्ट जोडलेले, भोवतीनं गरम नायट्रोजन. द्रव तिच्यातून तुषार होऊन फवारतो. प्रत्येक थेंबावर विद्युतभार असतो. थेंब सुकत जातो, भार एकवटत जातो, थेंब फुटतो, आणि अखेर भार अंगावर घेतलेला एकटा रेणू हवेत सुटतो. असा भारवाला रेणू म्हणजे आयन, आणि ही रीत म्हणजे इलेक्ट्रोस्प्रे. नाजूक रेणू न मोडता असे उडवता येतात हे दाखवल्याबद्दल जॉन फेन यांना २००२ सालच्या रसायनाच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. वजनानुसार आयन वेगळे करण्याची कल्पना त्याहून कितीतरी जुनी. केंब्रिजमध्ये फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ साली यासाठी यंत्र बांधलं आणि १९२२ साली नोबेल मिळवलं. पण तेव्हा पानातला बीटेन अखंड उडवायची सोय नव्हती.

आणि इथेच मीठ आडवं येतं. थेंबावर भार मोजकाच असतो. दिवा स्टेशनवरच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको: गाडी आली, दरवाजाही उघडा आहे, पण कल्याण-डोंबिवलीची गर्दी आधीच दारात उभी, तर तो फलाटावरच राहतो. सोडियम-पोटॅशियमचे क्षार त्याच वेळी बाहेर पडले तर भाराची जागा ते अडवतात आणि बीटेन फलाटावर राहतो. पानात तो आहे, यंत्रात चढलाच नाही. मीठपाण्याच्या पालकात असं झालं तर बीटेन वाढलेला असूनही कमी दिसेल! इथे तो नऊ ड्युटेरियमवाला जोडीदार कामाला येतो. तोही जवळपास त्याच क्षणी, त्याच गर्दीत दारापाशी पोहोचतो. तो किती घातला होता हे आपल्याला माहीत असतं; त्यातला किती चढला यावरून गर्दीनं किती अडवलं हे कळतं, आणि हिशेब दुरुस्त करता येतो.

चौथ्या दशांशाचं भांडण

सुईपुढे निर्वात. हवेचे रेणू वाटेत आले तर आयन भरकटतील, म्हणून पंप दिवसरात्र चालू. पुढे मोजणारा भाग. टाइम-ऑफ-फ्लाइट यंत्रात सगळ्या आयनांना सारखाच धक्का देऊन लांब नळीत सोडतात. हलका आधी पोहोचतो, जड नंतर. ऑर्बिट्रॅपमध्ये ते एका मधल्या विद्युतदांडीभोवती फिरत राहतात आणि त्यांच्या आंदोलनाच्या वेगावरून वजन काढतात. क्वाड्रपोल म्हणजे चार दांड्यांची चाळणी; ठरवलेल्या वजनाचाच आयन तिच्यातून पार जातो.

आता बीटेन शोधू. त्याचं नेमकं वस्तुमान ११७.०७९०. एक प्रोटॉन चिकटला की ११८.०८६३. प्रोटॉनऐवजी सोडियम चिकटला तर १४०.०६८२, आणि मिठाच्या पालकात तेही दिसतं. म्हणजे एकच माणूस, दोन नावांनी दोनदा यादीत.

एवढे दशांश कशाला? कारण ११८ वजनाचे आणखीही आहेत. इंडोल हा रेणू प्रोटॉनसकट ११८.०६५१. साधी चाळणी दोघांनाही ११८ म्हणेल. चांगलं यंत्र पाच पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाखांत पाच इतकीच चूक करतं. ठाणे ते कल्याण रुळांवरून साधारण २० किलोमीटर. त्यात पाच पीपीएम म्हणजे १० सेंटिमीटर. असं यंत्र इंडोल आणि बीटेन सहज वेगळे सांगतं.

मुलं खूश होतात. ११८.०८६३ दिसलं, बीटेन सापडला! मी विचारते, “व्हॅलिन कशावरून नाही?”

व्हॅलिन हे आपल्या बहुतेक प्रथिनांत असणारं साधं अमिनो आम्ल. पाच कार्बन, अकरा हायड्रोजन, एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन. बीटेनचीही मोजदाद नेमकी तीच. दोघांचंही आयन ११८.०८६३, आणि कितीही लाखमोलाचं यंत्र आणलं तरी तेच. तीच अक्षरं, फक्त मांडणी वेगळी. वजनानं हा वाद मिटणारच नाही.

मिटवायला दोन वाटा. एक, रिटेन्शन टाइम: हिलिक कॉलमवर दोघं वेगवेगळ्या मिनिटाला बाहेर येतात. दुसरी, तोडून बघणं. ११८चा आयन चाळणीनं बाजूला काढायचा, वायूच्या रेणूंवर आपटायचा आणि तुकडे मोजायचे. व्हॅलिन मोडताना पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड मिळून ४६ टाकतं आणि ७२.०८ उरतं. बीटेनचा नायट्रोजन तीन मिथाइल गटांनी वेढलेला. तो ४६ टाकत नाही, ५९.०७ आणि ५८.०७ असे तुकडे देतो. स्क्रीनवर ७२ दिसलं की व्हॅलिन, ५८-५९ दिसले की बीटेन. पालकाच्या पानात दोन्ही असतात, वेगवेगळ्या मिनिटाला. पहिल्यांदा हे स्वतःच्या हातानं केलेल्या नमुन्यात दिसतं तेव्हा खोलीत जरा शांतता होते.

हाच ४६चा हिशेब दवाखान्यातही चालतो. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब कागदावर सुकवतात आणि तपासतात. फिनाइलअलानिन १६६ वरून ४६ टाकून १२० होतं. ते वाजवीपेक्षा फार जास्त दिसलं तर बाळाला फिनाइलकीटोन्युरिया असण्याची शंका येते, आणि वेळीच आहार बदलला तर मेंदूला होणारी इजा टळते. गोव्यात राज्यपातळीवर अशी नवजात तपासणी २००८ साली सुरू झाली होती. ती तपासणी थोडेच, आधी ठरवलेले रेणू बघते. आपण मात्र सगळंच बघायला निघालोय.

सकाळची यादी

सकाळी रन संपलेला असतो. एक्ससीएमएस, एमझेडमाइन, एमएस-डायल अशी मोफत सॉफ्टवेअर त्या फायलींतून पीकं वेचतात आणि हजारो ओळींचं कोष्टक हातात देतात: वस्तुमान, वेळ, बारा नमुन्यांतली उंची. तीन हजार ओळी म्हणजे तीन हजार रेणू असं समजणारा पहिल्याच तासाला फसतो. सोडियमवाला बीटेन वेगळी ओळ. कार्बनच्या शंभर अणूंत एक जड असतो, म्हणून पाच कार्बनच्या बीटेनशेजारी ११९.०९ ला साडेपाच टक्के उंचीचं पिल्लू, तीही वेगळी ओळ. सुईतच मोडलेला तुकडा, आणखी एक ओळ.

आधी क्यूसी बघायचे. तेच मिश्रण पुन्हा पुन्हा मोजलं असताना ज्या ओळीतला आकडा ३० टक्क्यांहून जास्त हलतो ती ओळ काढून टाकायची. स्वतःशीच जिचं जमत नाही ती इतरांबद्दल काय सांगणार! मग प्रमुख घटक विश्लेषणाचं, म्हणजे सारखे नमुने जवळ दाखवणारं, चित्र काढायचं. त्यात सगळे क्यूसी एका ठिपक्यात गोळा झालेले हवेत. ते पांगले असतील तर पुढचं काही बघायचं नाही, रन पुन्हा लावायचा.

आणि संख्याशास्त्र. ‘विसातून एकदाच योगायोगानं घडेल’ ही नेहमीची कसोटी तीन हजार ओळींना लावली तर पालकात काहीही फरक नसतानाही दीडशे ओळी ‘महत्त्वाच्या’ ठरतील. म्हणून कसोटी कडक करायचं गणित वेगळं शिकावं लागतं. मुलांना हा भाग रुक्ष वाटतो. लाजिरवाण्या चुकांपासून सर्वांत जास्त वाचवणारा भागही हाच.

माझं नवं द्रव्य

आता माझी फजिती. मी स्वतः शिकत होते तेव्हा मीठपाण्याच्या पानांत एक दणदणीत पीक सापडलं: ३९१.२८४३. साध्या पाण्याच्या पानांत त्याच्या तिसऱ्या हिश्शानं. मी दोन दिवस झोपले नाही. खारेपणाशी लढायला झाडानं बनवलेलं हे नवं द्रव्य, असं ठरवून मी त्याचं चित्र रंगीत छापून आमच्या मॅडमपुढे ठेवलं. त्यांनी कागद उलटा करून ठेवला आणि विचारलं, “ब्लँकमध्ये किती आहे?”

ब्लँकमध्ये नव्हतं. पण माझा ब्लँक म्हणजे काचेच्या व्हायलमध्ये थेट ओतलेलं मिथेनॉल. नमुने मात्र प्लास्टिकच्या नळ्यांतून गेले होते. त्यांनी मला रिकामी नळी घेऊन सगळी कृती पहिल्यापासून करायला लावली. पान नसलेल्या त्या नळीतून ३९१.२८ झक्कपैकी उभं राहिलं. प्लास्टिक मऊ करायला वापरतात तो थॅलेट. आणि मीठपाण्याच्या नमुन्यांत तिप्पट का? नळ्यांचं एक पाकीट संपलं होतं, ते सहा नमुने दुसऱ्या पाकिटातल्या नळ्यांत गेले होते. झाडाला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून ओळखीचे चोर पाठ झालेत. १४९.०२ दिसलं की पुन्हा थॅलेट. ४४.०२६ च्या अंतरानं एकामागून एक पीकं दिसली की पॉलिथिलीन ग्लायकॉल. कुणीतरी हाताला क्रीम लावून आलंय किंवा काचेची भांडी साबणानं धुतलीत. रेल्वेची स्टेशनं इतक्या समान अंतरावर कधीच नसतात. निसर्गातले रेणूही सहसा नसतात.

नाव कशावरून

शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपलं कोष्टक मांडायचं. त्यात एक रकाना ‘नाव’ आणि त्याच्याशेजारी एक रकाना ‘कशावरून’. मेटाबोलोमिक्सच्या जगानं २००७ साली यासाठी चार पायऱ्या सुचवल्या, आणि त्या आम्ही तशाच वापरतो. पहिली पायरी: शुद्ध रेणू विकत आणून त्याच यंत्रावर सोडला, आणि वस्तुमान, वेळ किंवा तुकडे यांतल्या निदान दोन स्वतंत्र खुणा जुळल्या. दुसरी: नुसत्या संग्रहातल्या तुकड्यांशी जुळतं. तिसरी: घराणं कळलं, माणूस नाही. चौथी: पीक आहे, नाव माहीत नाही.

सुरुवातीला मुलांना चौथी पायरी लिहायची लाज वाटते. सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीपुढे कुठलं ना कुठलं नाव सुचवतंच. ते उतरवून घेतलं की कोष्टक भरगच्च दिसतं. त्यात पालकाच्या पानात कधी कधी माणसाच्या हृदयविकाराची गोळीही निघते. पाचव्या दिवशी ती नावं एकेक करून खोडली जातात. हजारोंतून शेकडे उरतात, आणि पहिल्या पायरीवरचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बीटेन त्यांत असतो, कारण त्याची शुद्ध बाटली आम्ही स्वतः उघडून चालवलेली असते.

मागच्या तुकडीतला एक मुलगा कल्याणला आपल्या कॉलेजात परतला. महिन्याभरानं त्याचा फोन आला. मागे फलाटावरची घोषणा ऐकू येत होती.

“मॅडम, सहाच्या सहा नमुन्यांत एक नवीन पीक आलंय. कंट्रोलमध्ये अजिबात नाही!”

“छान. प्रोसेस ब्लँकमध्ये किती आहे?”

पलीकडे जरा वेळ गाडीचाच आवाज.

“लावतो, मॅडम. मग फोन करतो.”